मैदानावरील हक्काची जागा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडण्याची वेळ. पेढीवर नवी वही उघडताना जमेच्या रकमा पाहून समाधान वाटते, हे खरे. परंतु जाणता व्यापारी त्याच वेळी देण्याची बाजूही पाहतो. कोणाचे देणे राहिले, कोणते खाते वर्षानुवर्षे केवळ मागील पानावरून पुढे ओढले जात आहे, याचा शोध घेतल्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. समाजाच्या वहीतही असे एक खाते आहे. ते आहे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुला-मुलींचे आणि प्रौढांचे. त्यांच्या अन्नाचा, वस्त्राचा आणि औषधाचा विचार समाजाने वेळोवेळी केला. त्यांच्या खेळाचा विचार मात्र क्वचितच झाला. आजचा विषय तोच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन भिन्न गोष्टी आहेत. मानसिक आजार कोणत्याही वयात उद्भवू शकतो आणि योग्य उपचारांनी अनेकदा आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता ही बालपणापासूनची अवस्था असून तीत आकलनाचा, शिकण्याचा आणि दैनंदिन व्यवहार आत्मसात करण्याचा वेग मंद असतो. वेग मंद असतो, शिकणे थांबलेले नसते, हे येथे विशेष लक्षात ठेवावयास हवे. पूर्वी अशा व्यक्तीस सर्रास ‘मतिमंद’ म्हटले जाई. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द स्वीकारला. शब्द बदलल्याने माणसाचे दुःख कमी होत नाही. परंतु हाक कशी मारली जाते यावरून समाज त्या माणसाला कोठे बसवतो हे कळते. २०११ च्या जनगणनेत या गटातील व्यक्तींची संख्या १५,०५,६२४ इतकी नोंदली गेली. पंधरा लाखांहून अधिक माणसे, आणि त्यामागे तितकीच कुटुंबे. ही संख्या दुर्लक्ष करण्याजोगी खचितच नाही.

विशेष शाळांना साहाय्य करण्याची एक रीत गावोगावी रूढ आहे. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस, विवाहाचा रौप्यमहोत्सव अशा प्रसंगी शाळेत मिष्टान्नभोजन दिले जाते. मुले रांगेत बसतात, कुटुंबीय स्वहस्ते वाढतात, छायाचित्र निघते आणि सर्वजण समाधानाने घरी परततात. या दातृत्वामागील भावनेविषयी तिळमात्र शंका घेण्याचे कारण नाही. ज्या घरातून हे अन्न येते त्या घरात करुणा आहे, म्हणूनच ते येते. तथापि या प्रसंगात मुलाच्या वाट्याला जी भूमिका येते, तिचा विचार व्हावा. तेथे तो केवळ घेणारा असतो. वाढणारा उभा आणि घेणारा खाली बसलेला, असेच चित्र वर्षभर त्याच्यासमोर राहते. मैदानावर मात्र हे चित्र पालटते. तेथे तो धावतो, फेकतो, उडी मारतो, पडतो आणि पुन्हा उठतो. तेथे कर्ता तो असतो आणि पाहणारे इतर असतात. भोजनाने एक दिवस गोड होतो. नियमित खेळाने एका माणसाचे वर्ष बदलते. दोन दानांतील हा फरक समजून घेणे हेच या विवेचनाचे प्रयोजन आहे.

या विचाराने जगभर ज्या चळवळीचे रूप घेतले, तिचा उगम पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेतील एका अतिश्रीमंत घराण्यात जावे लागते. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांची एक बहीण रोझमेरी. तिचा जन्म १९१८ चा. शिकण्यात ती भावंडांच्या मागे पडे. परंतु ती पोहत असे आणि बहीण युनिस हिच्यासोबत शिडाच्या नावेतून समुद्रावर जात असे. १९४१ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, वडिलांच्या निर्णयावरून तिच्या मेंदूवर लोबोटॉमी नावाची शस्त्रक्रिया करण्यात आली. ती अयशस्वी ठरली आणि रोझमेरीचे चालणे-बोलणेही हिरावले गेले. त्यानंतर तिला संस्थेत ठेवण्यात आले. २००५ मध्ये निधन होईपर्यंत तिचे बहुतेक आयुष्य संस्थेच्या आश्रयानेच गेले. कित्येक वर्षे घराण्याबाहेर तिच्या अवस्थेविषयी मौन पाळले गेले. पैसा होता, प्रतिष्ठा होती, देशातील उत्तमोत्तम वैद्य हाकेच्या अंतरावर होते. तरीही ते घर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीतून सुटले नव्हते.

हे मौन मोडले ते युनिस केनेडी श्रायव्हर यांनी. १९६२ च्या उन्हाळ्यात मेरीलँड राज्यातील स्वतःच्या घराच्या आवारात त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दिवसभराचे शिबिर भरविले. शाळा-महाविद्यालयांतील तरुण स्वयंसेवक म्हणून बोलावले आणि मुलांना पोहणे, चेंडू खेळणे, घोड्यावर बसणे शिकविले. त्याच वर्षी एका लोकप्रिय नियतकालिकात लेख लिहून त्यांनी आपल्या बहिणीची अवस्था उघडपणे सांगितली. सत्तेवर असलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातील ही गोष्ट छापून आल्यावर, आपले मूल लपवून ठेवणाऱ्या असंख्य आईबापांना केवढा धीर आला असेल, याची कल्पना करता येते.

पुढील पायरी १९६८ ची. त्या वर्षी २० जुलै रोजी शिकागो शहरातील सोल्जर फील्ड या विशाल मैदानावर पहिली आंतरराष्ट्रीय स्पेशल ऑलिंपिक स्पर्धा झाली. अमेरिका आणि कॅनडा येथून सुमारे एक हजार खेळाडू आले होते. त्याच्या सहाच आठवडे आधी युनिस यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली होती. तरीही त्या मैदानावर उपस्थित राहिल्या. प्रेक्षकांच्या बाकांवर मात्र जवळजवळ कोणीही नव्हते. आज जे कार्य जगभर पसरले आहे त्याचा प्रारंभ अशा रिकाम्या बाकांसमोर झाला, हे कोणत्याही नव्या कार्यास हात घालणाऱ्यांनी स्मरणात ठेवावे. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या चळवळीस अधिकृत मान्यता दिली.

भारतात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था २००१ मध्ये न्यास म्हणून नोंदली गेली आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या क्रीडाविकासासाठी केंद्र शासनाने तिला राष्ट्रीय क्रीडा महासंघाचा दर्जा दिला. २०२३ च्या जून महिन्यात बर्लिन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने ७६ सुवर्ण, ७५ रौप्य आणि ५१ कांस्य अशी २०२ पदके मिळविली. २०२५ च्या मार्चमध्ये इटलीतील तुरिन येथे हिवाळी क्रीडास्पर्धा झाल्या. तेथून ३३ पदके आली. ही वार्ता वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर एखाद्या कोपऱ्यात आली असेल. क्रिकेटच्या एका सामन्याइतकीही तिची चर्चा झाली नाही. परंतु या कार्याचे खरे मोल पदकांच्या संख्येत नाही. ते कशात आहे हे समजण्यासाठी या स्पर्धांची पद्धत जाणून घेणे अगत्याचे आहे.

कापडाच्या दुकानात मीटरची पट्टी सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच असते आणि ती तशीच असली पाहिजे. पण तेच कापड शिंप्याकडे गेले की प्रत्येकाच्या अंगाचे निराळे माप घेतले जाते. एका मापाचा सदरा सर्वांना घालू गेल्यास तो कोणाला ढगळ होईल, तर कोणाच्या अंगातच शिरणार नाही. स्पेशल ऑलिंपिकची गटवारी याच न्यायाने चालते. खेळाडूंचे गट स्त्री-पुरुष, वय आणि क्षमता या तीन गोष्टी पाहून पाडले जातात. आठ ते अकरा, बारा ते पंधरा, सोळा ते एकवीस, बावीस ते एकोणतीस आणि तीस वर्षांपुढील, असे वयोगट असतात. त्यानंतर प्राथमिक फेरी होते. तीत दिसलेल्या कामगिरीवरून साधारण तोडीस तोड खेळाडू एका गटात येतात. गटातील सर्वोत्तम आणि सर्वांत मागील खेळाडूंच्या कामगिरीत सुमारे पंधरा टक्क्यांहून अधिक अंतर नसावे, असा दंडक आहे. समजा, पन्नास मीटर धावण्यास एका मुलाला दहा सेकंद लागले, दुसऱ्याला अकरा आणि तिसऱ्याला अठरा. पहिले दोघे एका गटात धावतील. तिसरा त्याच्या तोडीच्या मुलांबरोबर धावेल. ज्यांना धावता येत नाही त्यांच्यासाठी पंचवीस मीटर चालण्याची स्पर्धा आहे आणि चाकाच्या खुर्चीवरील शर्यतही आहे.

याचा परिणाम मोठा आहे. आयुष्यभर जो शेवटून पहिला येत राहिला, त्याच्यासमोर प्रथमच खरी चुरस उभी राहते. जिंकणे शक्य आहे आणि हरणेही शक्य आहे, अशी स्पर्धा त्याने कधी पाहिलेलीच नसते. पहिल्या तिघांना पदके आणि चौथ्यापासून आठव्यापर्यंतच्या खेळाडूंना फीत देऊन मंचावर गौरविण्यात येते. कोणाला फुकटचे कौतुक मिळत नाही, तसे कोणी रिकाम्या हाताने उपेक्षित होऊन परतही नाही.

या पद्धतीचा पाया प्रामाणिकपणावर आहे. एखाद्याने प्राथमिक फेरीत मुद्दाम संथ धावून सोपा गट मिळविला आणि अंतिम फेरीत वेग वाढविला, तर अशा वर्तनाबद्दल त्याला बाद करण्याचा नियम आहे. मापात पाप केल्यास काय घडते याचा एक कटू धडा इतिहासात नोंदलेला आहे. पॅरालिंपिक ही स्पेशल ऑलिंपिकहून निराळी, मुख्यतः शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंची स्पर्धा. तीत काही प्रकार बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीही होते. २००० मध्ये सिडनी येथे स्पेनच्या अशा बास्केटबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढे उघड झाले की बारा खेळाडूंपैकी दहा जणांना कोणतीही अक्षमता नव्हती. पदक परत घेतले गेले. पण शिक्षा तेवढ्यावर थांबली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या जगातील सर्वच खेळाडूंसाठी पॅरालिंपिकचे दार बंद झाले. २००४ आणि २००८ या दोन्ही स्पर्धा त्यांच्याविना पार पडल्या आणि २०१२ मध्ये लंडन येथे त्यांना पुन्हा प्रवेश मिळाला. लबाडी केली दहा धडधाकट माणसांनी आणि बारा वर्षे गमावली ती खऱ्या खेळाडूंनी. दुर्बलांच्या नावाने उभारलेल्या निधीचा आणि संधीचा हिशेब अधिक काटेकोर का असावा, हे यावरून ध्यानी यावे.

खेळाने नेमके काय साधते, हा प्रश्न साहजिक आहे. खेळाने बौद्धिक अक्षमता नाहीशी होत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यांपासून पालकांनी दूर राहावे. परंतु बैठ्या जीवनामुळे येणारी स्थूलता कमी होते, तोल आणि स्नायूंची पकड सुधारते, झोप लागते, चिडचिड उणावते. पाळी येईपर्यंत थांबणे, सूचना ऐकणे, स्वतःची पिशवी सांभाळणे, बुटाचे बंद बांधणे, सोबत्याला हात देणे या गोष्टी वर्गात कितीही सांगितल्या तरी ज्या अंगवळणी पडत नाहीत, त्या मैदानावर सवयीने येतात. जो मुलगा दर आठवड्याला ठरलेल्या वेळी बूट घालून दाराशी उभा राहतो, त्याला वेळेचे भान आले असे समजावे. घड्याळ वाचता येणे ही त्यानंतरची गोष्ट.

या लाभाची सर्वांत अधिक निकड अठरा वर्षांनंतर भासते. विशेष शाळेचे वय संपते, वर्गमित्र दुरावतात आणि तो तरुण घरातील खिडकीशी किंवा दूरदर्शन संचासमोर बसून राहतो. मुलगी असेल तर सुरक्षिततेच्या काळजीने तिचे घराबाहेर पडणेच थांबते. आईवडील थकत जातात आणि ‘आमच्यानंतर हिचे कोण?’ हा एकच प्रश्न त्या घरात रात्रंदिवस वावरतो. आठवड्यातून दोनदा भरणारे मैदान त्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर नव्हे. परंतु गावातील दहा-वीस माणसे त्या मुलीला नावाने ओळखतात, ती कोठे राहते आणि तिला काय आवडते हे त्यांना ठाऊक आहे, एवढे जरी साधले तरी आईबापांच्या पश्चात ती अनोळखी लोकांत एकाकी पडत नाही. शास्त्रांनी दानाच्या प्रकारांत अभयदानाचा आवर्जून समावेश केला आहे. त्या आईची भीती किंचित कमी करणे हेही अभयदानच होय.

आता साहाय्याचा प्रत्यक्ष विचार करावयाचा. पहिली गरज जागेची आणि वेळेची आहे. समाजाची सभागृहे, शाळांची पटांगणे, वसतिगृहांची आवारे आठवड्यातील कित्येक तास रिकामी असतात. त्यांपैकी दोन ठरलेले दिवस आणि दोन ठरलेले तास या खेळाडूंच्या नावे लिहून द्यावेत, आणि लग्नसराईतही ते रद्द होऊ नयेत.

दुसरी गरज प्रशिक्षकाची. चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक असावा असे मानले जाते. कप आणि ढाल देणारे दाते सहज मिळतात, कारण त्यांवर नाव कोरता येते; प्रशिक्षकाच्या मासिक मानधनावर नाव कोरता येत नाही, म्हणून ते थकते आणि प्रशिक्षक निघून जातो. आठवड्यात दोनदा याप्रमाणे वर्षात चाळीस आठवडे सराव झाला, तर ऐंशी दिवस मैदान भरते. एका दिवसाच्या समारंभाचा खर्च आणि या ऐंशी दिवसांचा खर्च दाते मंडळींनी एकदा शेजारी शेजारी मांडून पाहावा.

तिसरी गरज वैद्यकीय तपासणीची. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या बालकांना जन्मतः हृदयदोष असतो आणि काहींच्या मानेच्या वरच्या मणक्यांत अस्थिरता असते; अनेकांना अपस्माराचाही त्रास असतो. म्हणून डॉक्टरांच्या लेखी संमतीवाचून कोणासही मैदानात उतरवू नये, आणि पोहण्याच्या तलावावर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही हे तो सांगू शकत नाही, म्हणून त्याचा दोष ‘मंदपणा’त जमा होतो. स्पेशल ऑलिंपिकच्या आरोग्य उपक्रमात डोळे, कान, दात आणि पाय यांची विनामूल्य तपासणी होते. नेत्रतपासणीच्या कार्यात लायन्स क्लबचे आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान २००१ पासून सहभागी आहे. समाजातील डॉक्टर बंधू-भगिनींनी वर्षातून दोन रविवार दिले तरी हे कार्य स्थानिक पातळीवर उभे राहू शकते.

चौथी आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची गरज सोबत्यांची आहे. या चळवळीत ‘युनिफाइड’ नावाचा खेळप्रकार आहे. त्यात बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघातून खेळतात. येथे तरुण मुले मदतनीस म्हणून कडेला उभी राहत नाहीत. ती संघातील सवंगडी असतात. चेंडू जवळ आला तर तो सोबत्याकडे द्यावाच लागतो. समाजाच्या युवक मंडळाने अशा एका संघाचा संकल्प केल्यास दहा व्याख्यानांनी होणार नाही ते एका हंगामात होईल.

यासाठी कायद्याचे बळही आहे. २०१६ च्या कायद्यातील कलम ३० प्रमाणे दिव्यांग व्यक्तींच्या क्रीडासहभागासाठी उपाय योजणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु कायदा दार उघडतो. बोटाला धरून आत नेणारा कोणीतरी माणूसच असावा लागतो.

अखेरीस एक नाजूक विषय. व्यापारी समाजात घराण्याच्या नावाला मोल असते. घरात असे मूल असल्याचे कळल्यास त्याच्या भावंडांच्या सोयरिकीत अडचण येईल, या धास्तीने काही घरांत पाहुणे येताच एका खोलीचे दार ओढून घेतले जाते. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. परंतु ते दार त्यांनी एकट्याने ओढलेले नसते. स्थळ पाहावयास आलेल्यांचे प्रश्न, समारंभातील कुजबुज, मुलांना बाजूला ओढणारे हात, हे सर्व मिळून ते दार बंद करतात. म्हणून ते उघडण्याचे कामही सर्वांचेच आहे. मोठी देणगी देऊ शकणारे थोडे असतात. पण शेजारच्या घरी जाऊन ‘उद्या मैदानावर आमच्या मुलांबरोबर तुमच्या मुलालाही पाठवा, आम्ही नेतो आणि आणून सोडतो’ असे म्हणणे कोणालाही शक्य आहे.

सोल्जर फील्डवरील त्या पहिल्या स्पर्धेत खेळाडू आले होते. नव्हते ते प्रेक्षक. आजही पुष्कळ ठिकाणी हीच स्थिती आहे. जिल्ह्याच्या एखाद्या पटांगणात विशेष शाळांच्या क्रीडास्पर्धा भरतात, मुले जीव तोडून धावतात आणि टाळ्या वाजवावयास शिक्षक व पालक एवढेच असतात. पुढच्या वेळी त्या बाकांवर या समाजातील शे-दोनशे माणसे सहकुटुंब बसलेली दिसावीत. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर नव्या वहीच्या पहिल्या पानावर या मुलांच्या नावे आठवड्याचे दोन तास मांडले जावेत आणि पुढील वर्षी त्यांचा हिशेब याच व्यासपीठावरून वाचला जावा, एवढीच नम्र अपेक्षा.

जय जिनेंद्र.